समुद्रातील देवराई

सह्याद्रीच्या कुशीतील अनेक गावांनी आपापली देवराई पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे. तेथे कोणी कुऱ्हाड चालवीत नाही. वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलून नेत नाही. आसमंतातील डोंगर बोडके झाले, तरी देवराई हिरवीगार राहते. तिच्या सावलीत झरे जिवंत राहतात आणि पाखरांच्या चोचींतून तिचे बी दूरच्या रानात जाऊन रुजते. राखलेला तुकडा लहानसाच असतो. परंतु त्याचे उपकार साऱ्या शिवारावर असतात. अशीच एक देवराई समुद्राच्या पोटात आहे. ती देवाच्या नावाने राखलेली नाही. उद्याच्या भाकरीच्या काळजीने राखलेली आहे. तिची ही हकीकत आहे.

आशिया खंडाच्या आग्नेयेस फिलिपाइन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश आहे. त्यांतील नेग्रोस नावाच्या मोठ्या बेटाच्या आग्नेय टोकाजवळ, किनाऱ्यापासून सुमारे ७ किलोमीटर अंतरावर, आपो हे एक चिमुकले बेट आहे. ते ज्वालामुखीतून निर्माण झालेले असून त्याचे क्षेत्रफळ अवघे ७४ हेक्टरांच्या आसपास आहे. जमीन डोंगराळ व खडकाळ. तीत पिकणार ते किती? त्यामुळे मासेमारी हाच तेथील लोकांचा परंपरागत व्यवसाय. बांबूच्या उलांडी लावलेल्या हलक्या होड्या घेऊन ते पहाटे समुद्रावर जात. कोणाजवळ गळ, कोणाजवळ जाळे, तर कोणाजवळ बांबूचा सापळा. बेटाला वेढून असलेल्या प्रवाळाच्या भिंती हेच त्यांचे शेत होते.

प्रवाळ म्हणजे पोवळे. वरवर पाहता ते दगडासारखे किंवा झाडाच्या फांदीसारखे दिसते; परंतु ते दगडही नव्हे आणि झाडही नव्हे. ते असंख्य सूक्ष्म प्राण्यांचे घर आहे. हे प्राणी आपल्या शरीराभोवती चुन्याचे कवच तयार करतात. एका पिढीच्या कवचावर दुसरी पिढी वाढते आणि अशा रीतीने शेकडो, हजारो वर्षांत उबदार, उथळ व स्वच्छ समुद्रात प्रवाळाच्या प्रचंड भिंती उभ्या राहतात. त्यांची वाढ अत्यंत संथ असते. काही जातींचे भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढते. सागरतळाचा शंभरावा हिस्सादेखील या भिंतींनी व्यापलेला नाही. तरीही समुद्रात आढळणाऱ्या एकूण जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींना त्यांचा आश्रय लाभतो.

या भिंतींच्या कपारींत आणि विवरांत माशांचे एक नगरच वसलेले असते. चिमुकले रंगीत मासे फांद्यांच्या आडोशाला राहतात. पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेला पोपटमासा प्रवाळावर वाढणारे शेवाळ खरवडून खातो. शेवाळ माजले, तर प्रवाळ गुदमरून मरेल. म्हणून पोपटमासा हा या नगराचा झाडूवालाच म्हटला पाहिजे. हेकरू आणि तांबोशी यांच्या कुळांतील मोठे मासे लहान माशांवर आपली उपजीविका करतात. प्रत्येकाचे काम ठरलेले आहे आणि प्रत्येकाचे जीवन दुसऱ्याच्या जीवनात गुंतलेले आहे.

पूर्वी माणसे थोडी होती, साधने साधी होती आणि गरजाही मर्यादित होत्या. समुद्र देईल तेवढे घ्यावे आणि संतुष्ट असावे, असा क्रम होता. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. युद्धातून उरलेली स्फोटके लोकांच्या हाती आली आणि पाण्यात सुरुंग उडवून मासे मारण्याची वाईट चाल पडली. एका धमाक्यात शेकडो मासे तरंगू लागत. परंतु त्याच धमाक्यात शतकानुशतके वाढलेले प्रवाळ चक्काचूर होई. काही लोक सायनाइड नावाचे विष पाण्यात सोडून माशांना गुंगी आणीत. काही ठिकाणी ‘मुरो-आमी’ नावाची पद्धत होती. तीत पोहणाऱ्यांची एक रांग दोरीला बांधलेले दगड प्रवाळावर आपटीत जाई आणि घाबरलेले मासे पुढे लावलेल्या मोठ्या जाळ्यात शिरत. या जोखमीच्या कामास लहान मुलांनाही जुंपले जाई. फिलिपाइन्सच्या शासनाने १९८६ साली या पद्धतीवर बंदी घातली. बारीक आसाच्या जाळ्यांनी तर माशांची पिलेही गोळा होत.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. मासे कमी झाले. मासे कमी झाले, म्हणून लोक अधिक कडक साधने वापरू लागले. आणि साधने कडक झाली, म्हणून मासे आणखी कमी झाले. हे दुष्टचक्र एकदा फिरू लागले की ते थांबविणे कठीण असते. घराजवळच्या समुद्रात पोटापुरते मिळेना, तेव्हा आपोचे मच्छीमार होड्या वल्हवीत दूरदूरच्या पाण्यात जाऊ लागले.

प्रवाळातील मासे इतक्या लवकर का संपतात, याला कारणे आहेत. बांगडा किंवा तारली यांसारखे मासे मोठ्या थव्यांनी समुद्रभर हिंडतात. परंतु प्रवाळातील बहुतेक मोठे मासे आपल्या कपारीजवळच आयुष्य कंठतात. त्यांचा ठिकाणा एकदा कळला की त्यांना पकडणे सोपे जाते. हेकरूच्या कुळातील कित्येक मासे सावकाश वाढतात. त्यांच्यात आणखी एक नवल आहे. त्यांतील अनेक जातींचे मासे प्रथम मादी असतात आणि पुढे वय व आकार वाढल्यावर त्यांतील काही नर बनतात. साहजिकच मोठे मासे वेचून मारले, तर नरांचीच उणीव पडते.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अंड्यांची आहे. मादी जितकी मोठी, तितकी अंडी अधिक, हे खरे. पण किती अधिक? तांबोशीच्या कुळातील एका अमेरिकी जातीचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. ६१ सेंटीमीटर लांबीची एकच मादी जितकी अंडी घालते, तितकी अंडी घालण्यास ४२ सेंटीमीटर लांबीच्या २१२ माद्या लागतात! म्हणजे जाळ्यात आलेली मोठी मादी हा केवळ एक मासा नव्हे. ती बियाण्याने भरलेली कणगी आहे. शेतकरी उपाशी राहील, परंतु पेरणीचे बी दळून खाणार नाही. आपोच्या मच्छीमारांवर मात्र नकळत बियाणेच खाण्याची पाळी आली होती.

अशा वेळी एका शास्त्रज्ञाने या प्रश्नात लक्ष घातले. त्यांचे नाव डॉ. एंजल अल्काला. त्यांचा जन्म १९२९ साली नेग्रोस बेटावरच झाला. पुढे ते नेग्रोसमधील डुमागेटे या गावच्या सिलीमन विद्यापीठात प्राणिशास्त्राचे अध्यापक झाले. समुद्राचा एक भाग पूर्णपणे मासेमारीपासून मुक्त ठेवला, तर तेथे मासे वाढतील आणि त्यांचा लाभ भोवतालच्या मच्छीमारांनाही होईल, असे त्यांचे अनुमान होते. परंतु अनुमान कितीही सुंदर असले, तरी प्रयोगाने सिद्ध झाल्याखेरीज शास्त्र त्यास मान्यता देत नाही. म्हणून १९७४ साली सेबू बेटाजवळील सुमिलोन या लहानशा बेटाभोवतीच्या प्रवाळाचा सुमारे चौथा हिस्सा मासेमारीस बंद करण्यात आला. उरलेल्या तीन हिश्शांत लोक पूर्ववत मासे धरीत राहिले. काही वर्षांतच राखीव भागात माशांची दाटी झाली.

सुमिलोनचा अनुभव पदरी घेऊन अल्काला आणि त्यांचे सहकारी आपोच्या लोकांकडे गेले. तेथील लोकांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. परंतु ते त्यांना सहजासहजी पटले नाही. आधीच मासे मिळत नाहीत. त्यात मासेमारीची जागाही बंद करावयाची, म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणावयाचा! आज मुलांना काय खाऊ घालावे, हा ज्यांच्यापुढे प्रश्न, त्यांस दहा वर्षांनंतरच्या सुबत्तेचे आश्वासन काय कामाचे? त्यांची ही शंका रास्त होती. अल्काला यांनी त्यांच्यावर हुकूम गाजविला नाही, की त्यांना अडाणी म्हणून हिणविले नाही. बेटावर वारंवार संभाषणे झाली. काही मच्छीमारांना सुमिलोनला नेऊन तेथील पाणी प्रत्यक्ष दाखविण्यात आले. कानांनी ऐकलेल्या दहा गोष्टींपेक्षा डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट मनावर अधिक ठसते. तरीही निर्णय होण्यास सुमारे तीन वर्षे लागली.

अखेर १९८२ साली १४ कुटुंबे या प्रयोगास तयार झाली. बेटाच्या मानाने ही संख्या थोडी होती. बाकीचे लोक साशंक मनाने पाहत होते. किनाऱ्याच्या कडेने ४५० मीटर लांबीचा आणि समुद्रात ५०० मीटरांपर्यंत पोहोचणारा एक पट्टा त्यांनी निवडला. बेटाच्या मासेमारीच्या क्षेत्रापैकी हा सुमारे दहावा हिस्सा. तेथील प्रवाळ चांगल्या स्थितीत होते. मासे मात्र विरळ होते. या पट्ट्यात कोणीही गळ टाकू नये, जाळे लावू नये, असे ठरले. राखण करण्यासाठी बंदूक लागली नाही, की मोठे खाते उघडावे लागले नाही. किनाऱ्यावर बसून एका माणसाने डोळ्यांत तेल घालून पाहत राहावे, एवढे पुरे होते. त्या कुटुंबांनी ही पाळी आळीपाळीने आपल्याकडे घेतली.

पहिल्या दिवशी काही चमत्कार घडला नाही. समुद्राला आपला वेळ लागतो. परंतु दोन-तीन वर्षांत राखीव पट्ट्यात मासे वाढले आणि ते आकारानेही मोठे दिसू लागले. पट्ट्याच्या कडेला गळ टाकणाऱ्यांच्या होडीत अधिक मासे पडू लागले. भरलेल्या माठातून पाणी पाझरावे, तसे राखीव पाण्यातून मासे बाहेर येऊ लागले होते. जे साशंक होते, त्यांची शंका फिटली. १९८५ साली बेटावरील सर्व कुटुंबांनी या कामास पाठिंबा दिला आणि ज्या दाउइन नगरपालिकेच्या हद्दीत आपो बेट येते, तिच्याकडून या निर्णयास कायद्याचे बळ मिळविले.

लोक एवढ्यावरच थांबले नाहीत. बेटाभोवतीच्या साऱ्या समुद्रासाठी त्यांनी नियम केले. सुरुंग लावू नयेत, विष घालू नये, मुरो-आमी करू नये, अतिशय बारीक आसाचे जाळे वापरू नये, आणि बाहेरच्यांनी येऊन येथे मासेमारी करू नये. नियम मोडणाऱ्यास अडविण्यासाठी गावकऱ्यांचेच एक रक्षकदल तयार झाले. त्यास तेथील भाषेत ‘बांताय दागात’, म्हणजे समुद्राचे राखणदार, असे म्हणतात.

इकडे आपोचे नशीब उघडत असतानाच तिकडे सुमिलोनवर मात्र वेगळाच प्रसंग ओढवला. तेथील स्थानिक कारभाऱ्यांचा पाठिंबा सरला आणि १९८४ साली राखण कोसळली. दहा वर्षे सांभाळलेल्या पाण्यात जाळी पडली, सुरुंगही उडाले. दहा वर्षांच्या कष्टांवर पाणी फिरले. ही घटना दुःखाची खरी. परंतु तिच्यातूनही शास्त्राला एक मोठा पुरावा मिळाला. राखीव भाग मासेमारीस खुला झाला, म्हणजे मासेमारीचे क्षेत्र वाढले. साध्या हिशेबाने मासे अधिक मिळावयास हवे होते. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या आतच सुमिलोनच्या मच्छीमारांचे उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आले! क्षेत्र वाढले आणि उत्पन्न घटले. बंद ठेवलेला चौथा हिस्साच उरलेल्या तीन हिश्शांना पोसत होता, हे यावरून स्पष्ट झाले. अल्काला आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ गॅरी रस यांनी हा हिशेब १९९० साली जगापुढे मांडला.

सावकारीच्या भाषेत सांगावयाचे, तर समुद्रातील मासे हे मुद्दल होय आणि दरवर्षी होणारी त्यांची वाढ हे व्याज होय. जो केवळ व्याजावर निर्वाह करतो, त्याचे मुद्दल अक्षय राहते. जो मुद्दलातच हात घालतो, तो काही दिवस श्रीमंतीत राहतो आणि नंतर कायमचा दरिद्री होतो.

आपोच्या लोकांचे मुद्दल वाढत गेले. दूर न जाता घराजवळच्या पाण्यात त्यांना पुरेसे मासे मिळू लागले. प्रवाळाचे आणि माशांचे सौंदर्य पाहण्यासाठी देशोदेशींचे पर्यटक येऊ लागले. त्यांच्याकडून मिळणाऱ्या शुल्काचा उपयोग राखणीसाठी आणि बेटाच्या कामांसाठी होऊ लागला. कित्येक कुटुंबांतील मुले शिक्षणासाठी नेग्रोसला जाऊ शकली. १९९४ साली फिलिपाइन्सच्या राष्ट्राध्यक्षांनी बेट आणि त्याभोवतीचा समुद्र संरक्षित प्रदेश म्हणून घोषित केला. आपोचा कित्ता गिरवून त्या देशात ठिकठिकाणी अशी क्षेत्रे राखली गेली. आज त्यांची संख्या हजाराहून अधिक आहे. अर्थात ती सर्वच सारख्या दक्षतेने सांभाळली जात नाहीत. कागदावरील राखीव क्षेत्र आणि पाण्यातील राखीव क्षेत्र यांत पुष्कळ अंतर असू शकते.

अल्काला यांना १९९२ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हाच पुरस्कार १९५८ साली, पहिल्याच वर्षी, आचार्य विनोबा भावे यांना मिळाला होता. २०२३ साली अल्काला यांचे निधन झाले. जमीन गावाच्या नावे करून देणारे विनोबा आणि समुद्र गावाच्या हाती सोपविणारे अल्काला, या दोघांचाही विश्वास सक्तीवर नव्हता, समजावणीवर होता.

तथापि माणसाने कितीही राखण केली, तरी निसर्गाचे तडाखे चुकत नाहीत. २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी डिसेंबर महिन्यात मोठी वादळे आपोवर आदळली. राखीव पट्ट्यातील प्रवाळ जवळजवळ उद्ध्वस्त झाले. तीस वर्षांची कमाई काही तासांत मातीमोल झाली. लोकांनी धीर सोडला नाही. त्यांनी तो पट्टा मोडीत काढला नाही. उलट तो पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकांनाही बंद केला आणि प्रवाळाला पुन्हा वाढण्यास अवसर दिला. जगभर समुद्राचे पाणी तापत आहे आणि त्या उष्णतेने प्रवाळ पांढरे पडून मरत आहे. हे संकट एका गावाच्या राखणीने टळणारे नाही. परंतु जेथे मासे विपुल आहेत आणि प्रवाळाची मोडतोड होत नाही, तेथे जखम भरून येण्याची आशा अधिक असते.

आपल्या कोकण किनाऱ्यालाही हा प्रश्न परका नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील पाण्यात प्रवाळ आढळते. १९८७ साली मालवणजवळचा समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. परंतु आपला रोजगार जाईल, या भीतीने तेथील मच्छीमारांनी त्यास विरोध केला. आपोच्या लोकांच्या मनातही प्रथम हीच भीती होती. ती हुकुमाने गेली नाही, विश्वासाने गेली. समुद्राला विसावा देण्याची कल्पना मात्र आपल्याकडे जुनीच आहे. पावसाळ्यात कोळीबांधव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून नव्या हंगामास आरंभ करतात. त्या विसाव्याच्या काळात कित्येक जातींच्या माशांची वीण होते.

आपोच्या त्या १४ कुटुंबांजवळ धन नव्हते, अधिकार नव्हता, मोठी विद्याही नव्हती. ज्या वर्षी घरात मासे कमी होते, त्याच वर्षी त्यांनी हात आखडता घेतला. भरल्या घरातून दान देणे सोपे असते. रिकाम्या घरातून बियाणे जपून ठेवणे कठीण असते. ते कठीण काम त्यांनी केले, म्हणून त्यांच्या नातवंडांच्या गळाला आज मासा लागतो.

शब्दार्थ

देवराई – देवाच्या नावाने राखलेले रान. प्रवाळ – पोवळे. उलांडी – होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूस लावलेला लाकडाचा किंवा बांबूचा आधार. आस – जाळ्याचे छिद्र. कणगी – धान्य साठविण्याची बांबूची मोठी टोपली. मुद्दल – मूळ रक्कम. वीण – प्रजोत्पत्ती. साशंक – मनात शंका असलेला.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) पोपटमाशाला प्रवाळनगराचा झाडूवाला का म्हटले आहे?
(आ) मोठ्या मादीला बियाण्याच्या कणगीची उपमा का दिली आहे?
(इ) राखीव पट्ट्यातील माशांचा लाभ पट्ट्याबाहेरील मच्छीमारांना कसा झाला?

२. सविस्तर उत्तरे लिहा.
(अ) आपोच्या लोकांना प्रथम कोणती शंका वाटली? ती कशी दूर झाली?
(आ) सुमिलोनची राखण मोडल्यावर काय घडले? त्यावरून कोणती गोष्ट सिद्ध झाली?

३. संदर्भासह स्पष्टीकरण करा.
(अ) ‘ती हुकुमाने गेली नाही, विश्वासाने गेली.’
(आ) ‘कागदावरील राखीव क्षेत्र आणि पाण्यातील राखीव क्षेत्र यांत पुष्कळ अंतर असू शकते.’

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
पोटावर पाय आणणे, डोळ्यांत तेल घालून पाहणे, पाणी फिरणे, हात आखडता घेणे, कित्ता गिरविणे.

५. तुमच्या गावात किंवा परिसरात सर्वांनी मिळून राखलेले तळे, विहीर, कुरण अथवा देवराई आहे काय? वडीलधाऱ्या माणसांकडून तिची माहिती मिळवा आणि दहा-बारा ओळींत लिहा.